सरासरी खरंच कमी आहे की नमुन्याचा खेळ? ५०० ग्रॅमचं पाकीट आणि एक-नमुना टी-चाचणी

तागडी

पाकिटावर छापलंय ५०० ग्रॅम. बारा पाकिटं मोजली तर सरासरी येते ४९८.४७. हे दीड ग्रॅम यंत्रच कमी भरतंय म्हणून गेले, की नेमकी हलकी पाकिटं हाताला लागली? या प्रश्नासाठी एक-नमुना टी-चाचणी आहे. सूत्र सगळीकडे सापडतं, पण आकडेमोडीच्या आधी आणि नंतर काय करायचं ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

उदाहरणासाठी थालीपीठ भाजणीची बारा पाकिटं घेऊ. निव्वळ वजन, ग्रॅममध्ये, भरल्याच्या क्रमाने:

४९७.८, ५०१.२, ४९८.४, ४९६.९, ४९९.५, ५००.३, ४९७.२, ४९८.८, ४९५.६, ४९९.९, ४९८.१, ४९७.९

हाताने करायचं तर प्रत्येकातून आधी ५०० वजा करा, आकडे आटोपशीर होतात: −२.२, +१.२, −१.६, −३.१, −०.५, +०.३, −२.८, −१.२, −४.४, −०.१, −१.९, −२.१. बेरीज −१८.४, भागिले १२, म्हणजे सरासरी फरक −१.५३.

आता विखुरलेपण. या फरकांच्या वर्गांची बेरीज ५५.४६. त्यातून १८.४ चा वर्ग भागिले १२, म्हणजे २८.२१ वजा करा. उरले २७.२५. याला ११ ने भागा (१२ ने नाही), २.४७७ येतात. वर्गमूळ १.५७४, हे प्रमाण विचलन. त्याला √१२ ने, म्हणजे ३.४६४ ने भागलं की ०.४५४. ही प्रमाण त्रुटी. बारा-बारा पाकिटांचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले तर त्यांच्या सरासऱ्या साधारण इतक्या इकडेतिकडे होतील.

टी = −१.५३३ ÷ ०.४५४ = −३.३८.

टी-कोष्टकात स्वातंत्र्य मात्रा (पाकिटांची संख्या वजा एक) ११, दोन्ही बाजू धरून ५ टक्के पातळी, तिथे २.२०१ आहे. आपला आकडा चिन्ह सोडून त्याहून मोठा. १ टक्क्याची मर्यादा ३.१०६, तीही ओलांडली. पी-मूल्य ०.००६ च्या आसपास. याचा अर्थ, यंत्राची खरी सरासरी ५०० असती तर इतका किंवा याहून जास्त फरक, कुठल्याही बाजूला, हजारात सहा वेळा दिसला असता. तेव्हा ‘सरासरी ५०० आहे’ ही शून्य परिकल्पना सोडून द्यायची.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक. खरी भानगड यापुढे.

पावकी

छान मांडलंत. दोन पुस्त्या.

एक. एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाची दोन सूत्रं शेजारी-शेजारी आहेत, एसटीडीईव्ही डॉट एस आणि एसटीडीईव्ही डॉट पी. दुसरं १२ ने भागतं. ते वापरलं तर विचलन १.५०७ येतं आणि टी −३.५३, म्हणजे पुरावा आहे त्यापेक्षा जड दिसतो. नमुना जितका लहान, तितकी ही चूक महाग.

दोन. एक्सेलमध्ये एक-नमुना टी-चाचणीचं वेगळं सूत्रच नाही. टी डॉट टेस्ट दोन रकाने मागतं. शेजारच्या रकान्यात बारा वेळा ५०० भरा आणि प्रकार १, म्हणजे जोडीची चाचणी, निवडा. उत्तर तेच येतं, कारण जोडीची चाचणी म्हणजे फरकांवरची एक-नमुना चाचणीच. नाहीतर टी स्वतः काढून टी डॉट डिस्ट डॉट २टी मध्ये घाला, पण ऋण चिन्ह काढून. −३.३८ दिलंत तर उत्तराऐवजी ‘चूक झाली’ असा संदेश येतो.

आर वापरणाऱ्यांसाठी: टी डॉट टेस्टमध्ये म्यू = ५०० लिहायला विसरलात तर ते निमूटपणे शून्याशी तुलना करतं. टी अकराशेच्या घरात आणि पी जवळजवळ शून्य दिसलं की समजा, ‘भाजणीच्या पाकिटाचं वजन शून्य नाही’ हा शोध लागलाय.

साशंक

गणित बरोबर आहे. माझा प्रश्न गणिताच्या आधीचा. ही बारा पाकिटं निवडली कशी?

पीठ भरायला बहुतेक ठिकाणी ऑगर फिलर असतो. स्क्रू ठरावीक फेरे फिरतो आणि तेवढं पीठ खाली पडतं. म्हणजे यंत्र मोजतं आकारमान, वजन नाही. हॉपर (स्क्रूच्या वरची पिठाची टाकी) भरलेला असला की वरच्या भाराने पीठ दाबलं जातं आणि तेवढ्याच फेऱ्यांत जास्त वजन पडतं. हॉपर उतरत गेला की पाकिटं हलकी. त्यामुळे लागोपाठची पाकिटं एकमेकांसारखी निघतात. बारा सलग उचललीत तर हातात बारा आकडे असतात, माहिती मात्र चार-पाच पाकिटांचीच.

शेजारच्या पाकिटांमधला सहसंबंध ०.५ असेल, आणि पुढे अंतर वाढेल तसा निम्मा-निम्मा होत जात असेल, तर सरासरीचं विचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) साधारण (१ + ०.५) ÷ (१ − ०.५), म्हणजे तिप्पट होतं. प्रमाण त्रुटी १.७३ पट. तुमचा −३.३८ मग −१.९५ होतो आणि २.२०१ च्या आत येऊन बसतो. आकडे तेच.

पुस्तकं ‘वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचं असावं’ याच्यावर पानंच्या पानं खर्च करतात आणि ‘आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असावेत’ ही अट एका ओळीत उरकतात. प्रत्यक्षात गोची ही स्वातंत्र्याची अटच करते.

तागडी

साशंक, मान्य. म्हणूनच वर ‘भरल्याच्या क्रमाने’ म्हटलंय. आकडे कधीही चढत्या क्रमाने लावून ठेवू नका, क्रमातली माहिती मेली की ती परत मिळत नाही. आधी क्रमाने आलेख काढा. उतार दिसला, किंवा ५०० च्या एकाच बाजूला लांब रांगा दिसल्या, तर टी काढण्यात अर्थ नाही.

पाकिटं उचलायची पद्धत: पाळी आठ तासांची असेल तर तिचे चाळीस मिनिटांचे बारा भाग करा आणि प्रत्येक भागातलं एक मिनिट चिठ्ठी टाकून ठरवा. दर वेळी बरोबर तासाच्या ठोक्याला गेलात आणि हॉपरही दर तासालाच भरला जात असेल, तर तुम्ही कायम भरलेल्या हॉपरचीच पाकिटं मोजणार.

मोजपट्टी

वजनकाट्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

टी-चाचणी फक्त विखुरलेपण बघते. सगळ्या आकड्यांत सारखीच घुसलेली चूक तिला दिसत नाही, कारण तिने विखुरलेपण बदलतच नाही. समजा ५०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवल्यावर काटा ४९९.२ दाखवतो. म्हणजे प्रत्येक पाकीट ०.८ ने कमी नोंदलं गेलं. दुरुस्ती केली तर सरासरी फरक −१.५३ वरून −०.७३ वर येतो, प्रमाण त्रुटी तीच, टी होतो −१.६१. पाकिटं कमी भरल्याचा तुमचा निष्कर्ष गेला.

म्हणून मोजणी सुरू करण्याआधी, मध्ये आणि शेवटी प्रमाणित वजन ठेवून बघा आणि तिन्ही नोंदी आकड्यांसोबत लिहा. काट्याचा बुडबुडा मध्यावर आहे ना, पंखा बंद आहे ना, काटा चालू करून थोडा वेळ झाला आहे ना. किमान माप ०.१ ग्रॅम तरी हवं. ५ ग्रॅमच्या पायरीने दाखवणाऱ्या काट्यावर ही बाराच्या बारा पाकिटं ४९५ किंवा ५०० अशीच दिसतील, मग दीड ग्रॅमवर वाद घालू नका.

दुसरं, पिशवीचं वजन. ‘एक रिकामी पिशवी ६ ग्रॅम, सगळ्यांतून ६ वजा’ असं केलं जातं. ती एक पिशवी नेमकी जड असली की सगळी पाकिटं एकदम हलकी ठरतात. प्रत्येक पाकीट भरलेलं मोजा, फोडा, रिकामं करा, आतून पुसा, तीच पिशवी मोजा. पीठ आतल्या कोपऱ्यात आणि शिवणीच्या घडीत अडकतं. ते झटकलं नाही तर ते पिशवीच्या वजनात जातं आणि निव्वळ वजन कमी येतं.

अपूर्णांक

भाजणी कमी भरली आहे की नाही एवढंच विचारायचंय ना? मग एकाच बाजूची चाचणी का नको? मर्यादा १.७९६ होते, निकाल लवकर लागतो.

पावकी

अपूर्णांक, प्रश्न कुणाचा आहे त्यावर ते ठरतं. ग्राहकाच्या बाजूने तपासणाऱ्याला फक्त कमी वजनाशी मतलब. त्याने आकडे बघायच्या आधी एक बाजू जाहीर केली तर हरकत नाही. कारखान्याच्या मालकाला दोन्ही बाजू जाचतात: दर पाकिटाला १ ग्रॅम जास्त गेला तर १०,००० पाकिटांमागे १० किलो भाजणी फुकट.

न चालणारी गोष्ट अशी: दोन बाजूंनी तपासलं, टी −२.० आला, २.२०१ ओलांडेना, मग ‘आम्हाला तसंही कमीचीच शंका होती’ म्हणून १.७९६ ची मर्यादा काढली. आधी आकडे बघून बाजू निवडली तर ५ टक्क्यांची पातळी प्रत्यक्षात १० टक्के झालेली असते.

साशंक

त्याच जातीची आणखी एक चलाखी. टी मर्यादेच्या जरा आत राहिला की ‘अजून चार पाकिटं घेऊन बघू’. पुन्हा राहिला की अजून चार. मर्यादा ओलांडली की थांबायचं. असं केलं तर खरी सरासरी ५०० असूनही कधी ना कधी ओलांडली जाण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या बरीच वर जाते. किती पाकिटं ते आधी ठरवा आणि तिथेच थांबा.

रोज प्रत्येक पाळीत टी-चाचणी लावणाऱ्यांनाही हेच. सगळं सुरळीत असताना २० स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एक खोटी हाक येण्याची शक्यता ६४ टक्के. रोजच्या देखरेखीला नियंत्रण आलेख (वेळेच्या क्रमाने आकडे आणि वर-खाली ठरावीक मर्यादारेषा) वापरा. टी-चाचणी ठरावीक प्रश्नाला एकदाच.

अपूर्णांक

किती पाकिटं ते आधी ठरवायचं म्हणजे कसं ठरवायचं? पाच पुरतील का?

तागडी

वरच्याच यादीतली पहिली पाच घेऊन बघा. सरासरी फरक −१.२४, विचलन १.६६, प्रमाण त्रुटी ०.७४, टी −१.६७. स्वातंत्र्य मात्रा ४ ला मर्यादा २.७७६. ‘फरक सिद्ध होत नाही.’ यंत्र तेच आणि पाकिटंही त्याच यादीतली. पाच पाकिटांचा ९५ टक्के विश्वासांतर काढला तर खरा फरक −३.३० पासून +०.८२ पर्यंत कुठेही असू शकतो. त्यात ‘तीन ग्रॅम कमी’ही बसतं आणि ‘पाऊण ग्रॅम जास्त’ही. याला ‘वजन बरोबर आहे’ म्हणणं साफ चूक.

ठरवायची रीत: किती फरक तुम्हाला खरोखर महत्त्वाचा वाटतो ते ग्रॅममध्ये लिहा. विचलनाचा अंदाज जुन्या नोंदींवरून घ्या, समजा १.६. दोन्ही बाजू, ५ टक्के पातळी, आणि तेवढा फरक असलाच तर तो १०० पैकी ८० वेळा पकडला जावा अशी अट. मग पाकिटं साधारण ७.८४ × (विचलन ÷ फरक) चा वर्ग, अधिक दोन. ते दोन लहान नमुन्यासाठी.

१.५ ग्रॅम पकडायचा तर ११ पाकिटं. १ ग्रॅम पकडायचा तर २२ किंवा २३. अर्धा ग्रॅम म्हटलं तर ८२ च्या पुढे. फरक निम्मा केला की पाकिटं चौपट होतात.

उलट टोकही बघा. २००० पाकिटं मोजली आणि फरक ०.१ ग्रॅम निघाला, तर टी २.८ येतो. ‘सार्थक’, म्हणजे कोष्टकाची मर्यादा ओलांडणारा, खरंच, पण ०.१ ग्रॅमसाठी कुणी यंत्र थांबवणार नाही. म्हणून पी-मूल्याच्या आधी विश्वासांतर लिहायची सवय ठेवा. आपल्या बारा पाकिटांचा: −१.५३ वजा-अधिक २.२०१ × ०.४५४, म्हणजे खरी सरासरी ४९७.४७ ते ४९९.४७ च्या दरम्यान.

मोजपट्टी

नोंद करताना एखादा अंक चुकीचा पडला तर काय होतं ते नमुन्यादाखल करून बघितलं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की चुकीचा टोकाचा आकडा ‘फरक’ वाढवेल.

दहाव्या पाकिटाचे ४९९.९ ऐवजी ४५९.९ लिहिले गेले असं धरा. सरासरी घसरून ४९५.१३ होते, म्हणजे तूट तिपटीहून जास्त दिसते. पण विचलन १.५७ वरून ११.२० वर उडतं, प्रमाण त्रुटी ३.२३ होते, आणि टी येतो −१.५१. तूट वाढली आणि सार्थकता गेली! एकाच आकड्याने अंश तिप्पट केला, पण छेद सातपट.

अशा वेळी साधी चिन्ह चाचणी लावून बघावी. १२ पैकी १० पाकिटं ५०० च्या खाली. नाणं उडवून १० किंवा त्याहून टोकाचा निकाल, दोन्ही बाजू धरून, ४०९६ पैकी १५८ वेळा येतो, म्हणजे पी ०.०३९. ४५९.९ लिहा की ४९९.९, ते पाकीट ५०० च्या खालीच आहे, त्यामुळे या चाचणीचं उत्तर हलत नाही. टी आणि चिन्ह चाचणी अशा फटकून वागल्या की मूळ वही उघडा. टोकाचा आकडा ‘बसत नाही’ म्हणून खोडायचा नाही, कारण सापडलं तरच दुरुस्त करायचा.

पावकी

फक्त लक्षात ठेवा, चिन्ह चाचणी सरासरीबद्दल बोलत नाही, मध्यकाबद्दल (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मूल्य) बोलते. वजनांसारख्या बऱ्यापैकी सममित आकड्यांत दोन्ही जवळपास एकच. रांगेत थांबायचा वेळ, दुरुस्तीचा खर्च, असल्या एका बाजूला लांब शेपटी असलेल्या आकड्यांत दोन्ही वेगळे पडतात. तिथे एकूण खर्चाचा प्रश्न असेल तर सरासरीच हवी, म्हणून मध्यकाची चाचणी लावून मोकळं होता येत नाही.

अपूर्णांक

झेड-चाचणी कधी? ‘तीसच्या वर झेड, खाली टी’ असं शिकवलं जातं.

पावकी

तीसचा आकडा छापील कोष्टकांच्या काळातला. स्वातंत्र्य मात्रा २९ ला मर्यादा २.०४५ आणि झेडची १.९६०, म्हणजे फरक फार नाही, इतकंच. आता संगणक कुठलीही मात्रा देतो. विचलन याच नमुन्यातून काढलं असेल तर टी, मग पाकिटं १२ असोत की १२०० (तिथे दोन्ही एकच येतात). झेड तेव्हाच, जेव्हा विचलन बाहेरून पक्कं माहीत असेल: तेच यंत्र, तोच माल, लांब पल्ल्याच्या नोंदी. स्क्रू बदलला, पीठ जाडसर दळलं, की जुनं विचलन रद्द.

टी-चाचणीचा जन्मच या अडचणीतून झाला. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांच्यापुढे नमुने लहान असायचे. त्यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख छापला. सिद्धान्त पडताळायला त्यांनी ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून ते पिसले आणि चार-चारचे ७५० नमुने काढले. संगणकाशिवाय केलेलं सिम्युलेशन! आज आपण वापरतो ते टीचं रूप आणि स्वातंत्र्य मात्रेची भाषा नंतर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी रूढ केली.

साशंक

‘माहीत असलेली सरासरी’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्या. पाकिटावरचे ५०० हे खरोखर ठरलेले आहेत, कुणी मोजून काढलेले नाहीत. पण ‘गेल्या वर्षी सरासरी ५०१.३ होती’ हा आकडा ६० पाकिटांवरून आला असेल तर त्यालाही स्वतःची प्रमाण त्रुटी आहे. तो स्थिर धरून एक-नमुना चाचणी लावली की फरक उगाच पक्का दिसतो. तिथे दोन नमुन्यांची, वेल्च पद्धतीची (दोन्ही नमुन्यांची विचलनं वेगवेगळी धरणारी) चाचणी लावा.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण शरीराच्या तापमानाचं. ९८.६ अंश फॅरनहाइट हे जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांच्या १८६८ च्या कामातून रूढ झालं. मूळ आकडा ३७ अंश सेल्सिअस. त्याचं रूपांतर केल्यावर दशांश चिकटला आणि आकडा उगाच काटेकोर वाटू लागला. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांचं तापमान ७०० वेळा मोजलं, सरासरी ९८.२ आली. त्यावर आधारलेली १३० आकड्यांची यादी वर्गात वापरतात: सरासरी ९८.२५, विचलन ०.७३३, टी −५.४५. शून्य परिकल्पना सपशेल आडवी.

पण वुंडरलिश काखेत मोजत होते आणि १९९२ ची मोजणी तोंडातली. फरक माणसांचा की मोजायच्या जागेचा, हे टी −५.४५ असो की −५०, चाचणी सांगणार नाही. शिवाय ७०० नोंदी म्हणजे ७०० माणसं नव्हेत. एकाच माणसाच्या अनेक नोंदी स्वतंत्र धरून मात्रा ६९९ लिहिली तर हॉपरचीच चूक वेगळ्या कपड्यांत.

मोजपट्टी

कायद्याबद्दल थोडं, कारण लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. आवेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांत (२०११) दोन वेगळ्या कसोट्या आहेत: नमुन्याची सरासरी छापील वजनापेक्षा कमी नको, आणि एकेका पाकिटातली तूट ठरावीक मर्यादेत हवी. ५०० ग्रॅमला ती मर्यादा १५ ग्रॅम. आपलं सगळ्यात हलकं पाकीट ४९५.६, म्हणजे एकही पाकीट ४८५ च्या खाली नाही. तरी सरासरी कमी. टी-चाचणी फक्त सरासरीचं सांगते, एकेका पाकिटाचं नाही. विश्वासांतर ४९७.४७ ते ४९९.४७ आलं म्हणून ‘बहुतेक पाकिटं या दरम्यान’ असं लिहू नका, बारापैकी सहाच त्यात बसतात.

अपूर्णांक

मोजून बघितलं. ४९७.८, ४९८.४, ४९८.८, ४९८.१, ४९७.९ एवढीच सापडली. पाच.

मोजपट्टी

बरोबर, पाच. ४९९.५ मी आत धरलं होतं, ते ०.०३ ने बाहेर आहे.

तागडी

अहवालात काय लिहायचं असं विचारलं जातं, तर या उदाहरणापुरतं: ‘एका पाळीतून चिठ्ठीने वेळ ठरवून १२ पाकिटं घेतली. निव्वळ वजनाची सरासरी ४९८.४७ ग्रॅम, प्रमाण विचलन १.५७. छापील ५०० ग्रॅमपासून फरक −१.५३ (९५ टक्के विश्वासांतर −२.५३ ते −०.५३), टी = −३.३८, स्वातंत्र्य मात्रा ११, दोन बाजूंचं पी = ०.००६. काटा मोजणीच्या आधी, मध्ये आणि नंतर ५०० ग्रॅमच्या प्रमाणित वजनाने तपासला, तिन्ही वेळा ५००.०.’

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि साशंक यांच्यासाठी, प्रत्येक पाकिटापुढे हॉपर किती भरलेला होता तोही रकाना जोडा: पूर्ण, अर्धा, तळाशी. सगळी हलकी पाकिटं ‘तळाशी’पुढे निघाली तर फेरे वाढवून उपयोग नाही, हॉपर अर्ध्यावर आला की भरायला सांगावं लागेल.